चार नंबरच्या खोलीतली पेशंट

फॉर्मवर फक्त एक सही हवी होती. फॉर्म भरून झाला होता, फोटो चिकटवून झाला होता, फोटोतली बाई आपणच आहोत असं दोन ठिकाणी लिहूनही दिलं होतं. बाळंतपणाच्या रजेवरून परत येणाऱ्या विद्यार्थिनीने 'ही शिकायला तंदुरुस्त आहे' असा डॉक्टरांचा शेरा आणि सही घ्यायची आणि तो कागद शैक्षणिक विभागाच्या खिडकीत द्यायचा, असा विद्यापीठाचा नियम होता. मुदत आज दुपारी चारपर्यंत. कागद पोचला नाही तर जागा जाणार, आणि जागा गेली म्हणजे दोन वर्षं उंदरांना औषधं पाजून जमवलेले सगळे आकडे पाण्यात.

बाळाच्या आईने हे काम शेवटच्या दिवसावर मुद्दाम ढकललं नव्हतं. सोमवारी बाळाला सर्दी झाली. मंगळवारी तीच सर्दी आईला झाली. बुधवारी बाळाला पहिला दात येऊ लागला आणि गुरुवारी सासूबाईंचा एक दात पडला. आज शुक्रवार उजाडला, घरातले उरलेले सगळे दात जागच्या जागी होते, म्हणून ती निघाली.

निघताना तिने फ्रिजवर एक कागद चिकटवला. त्यावर एकोणीस सूचना होत्या.

"अगं, तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलाय," सासूबाई म्हणाल्या.

म्हणूनच लिहून ठेवलंय, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने ते गिळलं आणि म्हणाली, "अर्ध्या तासात येते, आई. काही वाटलं तर लगेच फोन करा. काही नाही वाटलं तरी करा."

विद्यापीठाच्या फाटकापर्यंत तिनेच चार फोन केले. चौथ्या फोनला सासूबाई म्हणाल्या, "झोपत होती. फोन वाजला."

आरोग्य विज्ञानाचं विद्यापीठ ते. दातांची इमारत वेगळी, हाडांची वेगळी, नर्सिंगची वेगळी, आणि सगळ्या इमारतींतून पांढरे कोट घालून धावणारी मुलं. इतकी आजारी दिसणारी माणसं इस्पितळातसुद्धा एका वेळी सापडायची नाहीत. फिजिओथेरपीची मुलं कंबर धरून जिने चढत होती. आहारशास्त्राच्या दोघी जणी दुपारचं जेवण म्हणून बिस्किटांचा पुडा संपवत होत्या. 'रोज आठ तास झोप घ्या' अशा मोठ्या फलकाखाली नर्सिंगची एक मुलगी पुस्तक छातीशी धरून गाढ झोपली होती. बाळाच्या आईने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने लोक दुसऱ्यांचे बंगले बघतात.

ती स्वतः औषधनिर्माण विभागाची. तिचा संबंध बाटल्यांशी, वजनकाट्याशी आणि उंदरांशी. जिवंत माणूस हा प्रकार तिच्या अभ्यासक्रमात नव्हता. त्यामुळे विद्यार्थी दवाखान्याच्या इमारतीत ती आज पहिल्यांदाच पाऊल टाकत होती.

खालच्या खिडकीतल्या माणसाने तिला चार नंबरचं टोकन दिलं. "अडीचची वेळ. रंगकाम चाललंय, दवाखाना हलवलाय. बाण लावलेत, बघत बघत जा."

बाण लावले होते हे खरं. पण रंगाऱ्याने भिंत रंगवताना पहिल्या मजल्यावरचा बाण काढला होता आणि मग, भला माणूस, पुन्हा चिकटवलाही होता. फक्त आडवा बाण उभा झाला होता. बाळाची आई बाणाप्रमाणे वर गेली.

दुसऱ्या मजल्यावर लांबच लांब बोळ होता, दोन्ही बाजूंना नंबर लावलेली दारं, आणि देवळातसुद्धा नसते इतकी शांतता. बोळाच्या तोंडाशी टेबल टाकून एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या एका हाताशी यादी होती, दुसऱ्या हाताशी टेबलावरची मोठी बेल, आणि पुढ्यात मोबाइलने भरलेली टोपली. टोकन बघताच त्या ताडकन उठल्या.

"चार नंबर?"

"हो."

"अहो, किती उशीर! अडीच म्हणजे अडीच. माझा जीव टांगणीला लागलाय इथे. तरुण आई, सात महिन्यांचं बाळ, फॉर्मवर सही पाहिजे. तुम्हीच ना?"

"हो, मीच!" बाळाच्या आईला भरून आलं. आपला अर्ज आधी वाचून ठेवणारं कार्यालय तिने जन्मात पाहिलं नव्हतं. "फॉर्म आणलाय मी."

"उत्तम. स्वतःचा फॉर्म आणलात? असे लोक आता राहिले नाहीत. मोबाइल टोपलीत टाका."

"पण बाळ घरी आहे."

"बाळ घरी आहे, बरोबर. तेही सांगायचं आत. मोबाइल टोपलीत."

मोबाइल तिने टोपलीत टाकला, पुन्हा एकदा उचलून बघितला. पण चार वाजायचे होते आणि सही व्हायची होती. ती चार नंबरच्या खोलीत शिरली.

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक तपासणीची खाट आणि टेबलावर कागदी रुमालांचा नवा कोरा डबा. कोपऱ्यात एक पोक्त सर मांडीवर पॅड घेऊन बसले होते.

"नमस्कार सर, मला फक्त एक सही..."

सरांनी ओठावर बोट ठेवलं आणि खुर्ची दाखवली. बाहेर बेल वाजली. दार उघडून एक मुलगी आत आली, तिने भिंतीवरच्या बाटलीतलं जंतुनाशक हातांना इतकं चोळलं की चामडी निघायची, आणि एका दमात म्हणाली, "नमस्कार मी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे मी आपल्याशी पाच मिनिटं बोलू शकते का आपण जे सांगाल ते गुप्त राहील."

आधी शिकाऊ मुलं विचारपूस करतात, मग मोठे डॉक्टर येतात, एवढं बाळाच्या आईलाही ऐकून ठाऊक होतं. ती समजुतीने हसली.

"काय त्रास होतोय आपल्याला?"

"काहीच नाही. मी फक्त या फॉर्मवर सही घ्यायला आलेय."

मुलीचा चेहरा उजळला. कोपऱ्यात सरांनी पॅडवर खूण केली.

"झोप कशी आहे?"

"चांगली आहे."

"किती तास?"

"सलग, का सगळे तुकडे जोडून?"

सरांनी आणखी एक खूण केली. भूक, घरची माणसं, बाळाचं वजन, असं करत करत मुलगी फॉर्मपर्यंत यायच्या आत बेल वाजली आणि ती 'धन्यवाद' म्हणून निघूनही गेली.

लगेच दुसरा आला. हा मुलगा घामाने चिंब होता आणि त्याने जंतुनाशकाऐवजी स्वतःच्या कपाळाला हात पुसले. "काय होतंय?" त्याने विचारलं, आणि ती "फॉर्मवर सही" म्हणाली मात्र, त्याने फॉर्म ओढला, खिशातलं पेन काढलं आणि ठोकून सही केली. खाली, आठवडाभराच्या सवयीने, रोल नंबरही लिहिला: अठ्ठावीस.

"अहो, तुमची नाही, डॉक्टरांची!"

मुलाने सरांकडे पाहिलं. सरांनी डोळे मिटून घेतले होते. पुढची चार मिनिटं मुलगा "सॉरी ताई" एवढंच म्हणत राहिला.

तिसरी मुलगी आत आली, हात चोळले आणि म्हणाली, "नमस्कार, मी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे." आता मात्र बाळाच्या आईच्या डोक्यात प्रकाश पडू लागला.

"सर," ती कोपऱ्याकडे वळली, "ही तिसरी. मोठे डॉक्टर कधी येणार?"

सरांनी पान उलटलं. उत्तर मुलीने दिलं, तेही तिचा हात हातात घेऊन. "मोठ्या डॉक्टरांना भेटावंसं वाटतंय? म्हणजे आपल्याला काही गंभीर झालंय अशी भीती वाटते का ताई?"

"भीती नाही हो वाटत. मी पेशंटच नाहीये!"

"असं बऱ्याच जणींना वाटतं," मुलगी मायेने म्हणाली. सरांनी दोन खुणा केल्या.

बेल वाजताच बाळाच्या आईने दार गाठलं. बेलवाल्या बाई धावत आल्या.

"अहो, बाहेर कुठे निघालात? मधे उठायचं नाही!"

"बाई, हे काय चाललंय? मी ती नाही. तुम्हाला हवी आहे ती मी नाहीच."

"तेच!" बाई कुजबुजल्या. "तेच लावून धरा. मस्त चाललंय तुमचं." आणि त्यांनी यादीखालचा छापील कागद तिच्या पुढ्यात धरला. कागदावर लिहिलं होतं: 'तिसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा, गुण तीस. खोली चार. पेशंटची भूमिका: तरुण आई, मूल सात महिन्यांचं. आपण पेशंट नाही, फक्त फॉर्मवर सही घ्यायला आलो आहोत, असं ती ठामपणे सांगेल. तिचा थकवा विद्यार्थ्याने बोलून बोलून बाहेर काढायचा आहे.'

बाळाच्या आईने तो कागद दोनदा वाचला. आपल्या मनातलं कुणीतरी टंकलिखित करून ठेवलंय, आणि तेही तीस गुणांसाठी, हे पचायला तिला जरा वेळ लागला.

"मी नटी नाही हो. मी औषधनिर्माण विभागाची आहे. माझे उंदीर..."

"उंदीर नवीन घातलेत? छान आहेत. पण फार वाढवू नका. मागच्या वर्षी एका गृहस्थांनी छातीच्या दुखण्यात प्रेमप्रकरण घुसवलं आणि नऊ मुलं नापास झाली." बाईंनी घड्याळ बघितलं. "तीनच मुलं उरलीत. तुम्ही उठलात तर ह्या खोलीची परीक्षा रद्द. मग त्यांची पुन्हा सहा महिन्यांनी."

बाळाच्या आईने बोळात नजर टाकली. प्रत्येक बंद दारासमोर एक एक पांढरा कोट नाक लावून उभा होता. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. चार नंबरच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलीने तर दोन्ही हातांनी स्वतःचाच गळा धरला होता. वर्ष हातचं जाणार म्हणजे काय होतं, ते आज बाळाच्या आईला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने घड्याळ पाहिलं. तीनला पाच कमी. तीन मुलं, सात-सात मिनिटं. सव्वातीन. जमेल.

"तीनच," ती म्हणाली आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसली.

गळा धरलेली मुलगी आत आली. तिने पाठ केलेलं काही म्हटलं नाही. खुर्ची जरा पुढे ओढली आणि विचारलं, "कशा आहात?"

"बरी आहे."

मुलगी गप्प. नुसती बघत राहिली. बाळाच्या आईने फॉर्मची घडी केली, उलगडली. रुमालांच्या डब्यावरचं फूल बघितलं. एवढ्या शांततेची तिला सवय राहिली नव्हती. शांतता झाली की तिच्या घरी काहीतरी बिघडलेलं असायचं.

"म्हणजे तशी बरीच आहे," ती म्हणाली. "फक्त ती झोपली की मी बघायला जाते. श्वास चालू आहे ना ते. मी बघते म्हणून ती उठते. मग ती उठली म्हणून मी रडते. वेडेपणा आहे, मला कळतं की. मी शास्त्र शिकलेली आहे." आणि तिच्या नकळत रुमालांचा नवा डबा फुटला.

मुलीने काही उपदेश केला नाही. बेल होईपर्यंत ती एक एक रुमाल पुढे करत राहिली. जाताना मात्र दारातून वळून पुटपुटली, "सॉरी हं ताई, मी मनात दहा मोजत होते. सर सांगतात, पहिलं 'बरी आहे' कधी खरं धरायचं नाही. दहा मोजायचे."

पाचवा मुलगा तरतरीत होता. ह्याने सगळे प्रश्न तीन मिनिटांत उरकले आणि उरलेला वेळ ती कोणत्या कुशीवर झोपते त्यात घालवला.

सहावा आला तो भिंत धरून. डोळे लाल, कोटाचं बटण खालचं वरच्या काजात. तो खुर्चीत बसला आणि जो गप्प झाला तो झालाच. हाही दहा मोजतोय असं वाटून बाळाची आई थांबली. मग लक्षात आलं, तो मोजत नव्हता, त्याच्या पापण्या मिटत होत्या.

"अहो डॉक्टर!" ती हळूच म्हणाली.

"हं? सॉरी. वॉर्डात ड्युटी होती. ताई, मला काहीच आठवत नाहीये."

"नमस्कार म्हणा आधी."

"नमस्कार."

"आता तिसऱ्या वर्षाचा आहे म्हणा. मग झोपेचं विचारा."

"झोप कशी आहे?"

"तुमच्यासारखी. आता भुकेचं विचारा. मग घरी मदतीला कोण आहे ते. त्याला गुण असतात, सर खूण करतात."

अशी पाच मिनिटं गेली. शेवटी दोघांच्या जांभया एका तालात पडू लागल्या आणि बेल वाजली.

आता कुठे कोपऱ्यातल्या सरांना वाचा फुटली. नियमाप्रमाणे शेवटचा विद्यार्थी जाईपर्यंत त्यांना पेशंटशी बोलायची बंदी होती. ते उठले, चष्मा पुसला आणि आपुलकीने म्हणाले, "प्रयत्न चांगला होता. पण एक सांगू का? थकवा जरा भडक झाला. खरी आई इतक्या जांभया देत नाही. आणि परीक्षेत पेशंटने प्रश्न सुचवायचे नसतात."

"सर, मी खरीच आहे."

"होतं असं," सर म्हणाले. "भूमिकेतून बाहेर यायला वेळ लागतो. पाणी प्या."

टोपलीतला मोबाइल हातात आला तेव्हा सव्वातीन होऊन गेले होते. तिने पडदा बघितला. एकही फोन नाही. पाऊण तास, आणि सासूबाईंचा एकही फोन नाही! दहा फोन असते तर ती घाबरली असती. एकही नाही म्हटल्यावर ती जिन्याकडे धावतच सुटली. तिने फोन लावला. तिकडून कापला गेला. पुन्हा लावला. पुन्हा कापला. धावत जिना उतरताना तिसऱ्यांदा लावणार तोच सासूबाईंचा निरोप झळकला. सासूबाईंना लिहायचा कंटाळा होता, त्यामुळे एकच शब्द होता: 'झोपलीय.'

कोण झोपलीय, कधीपासून, कोणत्या कुशीवर, काहीच खुलासा नव्हता.

रंगारी जिन्यात बसून डबा धूत होता. "दवाखाना? हा काय, ह्या मजल्यावर. बाण तर लावलाय की मी."

पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई एकट्याच टेबलाशी लिहीत होत्या. खाटेवर, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधलेली एक तरुण बाई डोळे मिटून पडली होती. तिच्या गालावर अश्रूंचे ओघळ इतके सारखे होते की जणू पट्टी लावून आखलेत.

"मॅडम, मी चार नंबरचं टोकन. अडीचची वेळ होती. फॉर्मवर सही..."

डॉक्टरीणबाईंनी टोकन बघितलं, पुढ्यातली फाइल बघितली, खाट बघितली. "अडीचची पेशंट तर ही आहे. औषधनिर्माण, सात महिन्यांचं मूल, सही पाहिजे. आधी काही नाही म्हणत होती, मग बांध फुटला बिचारीचा. मी लिहून टाकलंय." त्यांनी फाइल वाचून दाखवली. "'अतिशय थकवा. पंधरा दिवस सक्तीची विश्रांती. सध्या रुजू करून घेऊ नये.'"

फाइलीवर फोटो नव्हता. नाव मात्र बाळाच्या आईचं होतं.

"ही मी नाही!" बाळाची आई म्हणाली. "म्हणजे मी ही नाही. मी बरी आहे. मी पेशंटच नाहीये!"

"हीसुद्धा अगदी असंच म्हणाली होती," डॉक्टरीणबाई काळजीने म्हणाल्या आणि दुसरा रक्तदाबाचा पट्टा शोधू लागल्या.

बाळाची आई तडक खाटेपाशी गेली. "अहो बाई, उठा. परीक्षा वरच्या मजल्यावर होती. संपली."

खाटेवरच्या बाईने एक डोळा उघडला. "बेल झाली?"

"केव्हाच!"

"मग आधी सांगायचं नाही का?" असं म्हणून ती उठून बसली, गाल कोरडे केले आणि तिच्या चेहऱ्यावरून सात महिन्यांचं मूल पुसून गेल्यासारखं नाहीसं झालं. ती नटी होती. एका मालिकेत तिला अपघातात मारलं होतं, दुसरीत पहिल्याच आठवड्यात परदेशी पाठवलं होतं. अशा कामांवर ती मधले दिवस काढायची. उशीर झाला म्हणून ती धावत आली होती आणि पहिल्या मजल्यावर जे दार उघडं दिसलं त्यात शिरली होती. "मला वाटलं, ह्या वेळी परीक्षा जरा लांबलचक ठेवलीय. मुलगी फार छान प्रश्न विचारते हो. हिला पास करा."

डॉक्टरीणबाईंनी, वय वर्षं बावन्न, पेन खाली ठेवलं. त्यांनी नटीची खालची पापणी पुन्हा एकदा ओढून बघितली. मग म्हणाल्या, "तुमचं रक्त मात्र खरंच कमी आहे. आत्ताच तपासलंय मी. गोळ्या घ्या."

"हे कागदात नव्हतं," नटी म्हणाली आणि पहिल्यांदाच खरोखर घाबरली.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. डॉक्टरीणबाईंनी नवं पान काढलं. एकदा फसल्यामुळे त्यांचा आवाज करडा झाला होता. "बसा. आता मी खऱ्या पेशंटला खरेच प्रश्न विचारणार आहे. काय त्रास होतोय?"

बाळाच्या आईने खुर्ची ओढली. हे सातव्यांदा चाललं होतं. कुठल्या उत्तराला कोपऱ्यात खूण होते ते तिला आता पाठ होतं. 'फक्त सही पाहिजे' म्हटलं की खूण. नजर खाली गेली की खूण. फॉर्मची घडी उलगडली की खूण. रडलं की दोन खुणा. तिने फॉर्म टेबलावर ठेवला, हात मांडीवर ठेवले, पाठ ताठ केली आणि डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यात बघून छान हसली.

"त्रास असा नाही. लहान मूल म्हटल्यावर थोडी धावपळ असते."

"झोप?"

"तुटक होते, पण दुपारी भरून काढते."

"भूक?"

"वेळच्या वेळी."

"मदतीला कोण आहे?"

"सासूबाई आहेत. त्यांच्यावर अगदी निर्धास्त सोडून येते."

हे वाक्य म्हणताना तिच्या डाव्या पापणीला किंचित झटका आला, पण ती बाजू डॉक्टरीणबाईंकडे नव्हती. नटीकडे होती. नटी खाटेवर मांडी घालून, हनुवटीवर मूठ टेकवून बघत होती.

"रडू वगैरे?"

"मला?" बाळाची आई म्हणाली आणि आणखी गोड हसली.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, आधीचं पान आडव्या रेघेने खोडलं आणि फॉर्मवर सही केली. "हे काय? रोल नंबर अठ्ठावीस कोण?"

"आहे एक. घाबरट आहे."

त्यांनी ती सही खोडली, शेजारी शिक्का मारला. बाळाची आई दारात पोचली तेव्हा नटीने तिला गाठलं आणि तिचा हात दाबला. "कुठे शिकलात?" तिने भारावून विचारलं. "निर्धास्त म्हणताना काय सहजता! मला नसतं जमलं."

शैक्षणिक विभागाच्या खिडकीतला लेखनिक चारला सात मिनिटं कमी असताना खिडकी ओढून घेत होता. त्याने फॉर्म उलटसुलट बघितला. "फोटो आहे. शिक्का आहे. सही आहे. दवाखान्याचा जावक क्रमांक कुठाय? क्रमांक नसेल तर घेता येत नाही. परत जा."

बाळाच्या आईच्या डोळ्यापुढे बोळ, बाण, बेल, सगळं एकदम फिरलं. ती काही बोलायच्या आत लेखनिकाचं बोट खोडलेल्या सहीखाली थांबलं. तो अंक मात्र खोडायचा राहून गेला होता.

"हा काय, आहे की. अठ्ठावीस," तो म्हणाला, आणि वहीत अठ्ठावीस लिहून, फॉर्म आत घेऊन त्याने खिडकी लावली.

घरी दार सासूबाईंनी उघडलं, तेही तोंडावर बोट ठेवून. बाळ झोपलं होतं.

"केव्हापासून?"

"अडीचपासून. दुपारभर अशी पहिल्यांदाच झोपली बघ."

"मग आई, तुम्ही फोन का कापलात माझे?"

"मग काय करू? तू तिकडे अडकलीस म्हणून तर झोपली," सासूबाई म्हणाल्या. पण मग सुनेकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "बस. कॉफी ठेवते."

फ्रिजवरच्या कागदावर एकोणिसाव्या सूचनेखाली सासूबाईंच्या वळणदार अक्षरात विसावी आली होती: 'फोन करू नये.'

ती बाळाच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. श्वास चालू आहे ना ते बघायला हात पुढे झाला, तो तिने मागे घेतला, पुन्हा पुढे केला, आणि शेवटी दोन्ही हात पाठीमागे बांधून परत येऊन सोफ्यावर बसली. तेवढ्यात नवरा कामावरून आला. त्याने पिशवी ठेवली, बूट काढले आणि म्हणाला, "झालं काम? बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"बरं," असं म्हणून तो हात धुवायला निघाला.

"थांब," ती म्हणाली. "इथे बस. आणि आता काही बोलू नकोस. मनातल्या मनात दहा मोज, आणि मग परत विचार."

"म्हणजे?"

"मोज रे. त्याला गुण असतात."

नवरा बिचारा बसला. त्याने तिच्याकडे बघत मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. तिने काहीतरी सांगण्यासाठी श्वास घेतला. चार, पाच. तिची मान सोफ्याच्या पाठीला टेकली. तो सातवर पोचला तेव्हा ती गाढ झोपली होती.

तो तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने त्याने वाकून, अगदी हळूच, तिचा श्वास चालू आहे ना ते बघितलं.